चढावर थरथरणारी गाडी

डिंपना टीमनने आयुष्यात कधी आपल्या माणसावर संशय घेतला नाही. याचं मला कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ कॉर्मॅक सहा वर्षांचा. डब्लिनला नर्सिंगला जायचं ठरलं होतं, ते सोडून ती इथेच, आयर्लंडच्या डोनेगल भागातल्या डोंगरात राहिली आणि त्याला वाढवलं. आता पन्नाशी उलटली तरी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना उठवते, अंघोळ घालते, पॉरिज भरवते. डोंगरात अगदी वर राहणारा म्हातारा पॅकी तर दुसऱ्या कुणाच्या हातचं खातच नाही. "तू उशिरा आलीस तर मी मरेन, आणि बोल तुला लागेल," असं तो तिला रोज ऐकवतो.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी डिंपना तिची करडी डिझेल गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आली.

"मॅन्यूस, चढावर ही अशी हलते की माझे दात वाजतात. टायरवाल्याने दोनदा चाकं बॅलन्स केली. आता म्हणतो, बाई, तुझं डोकंच बॅलन्स करायचं राहिलंय."

"वेग वाढवतानाच हलते का?"

"पायाने जोर दिला रे दिला की. काल पॅकीकडे जाताना भीती वाटली, खालीच उभी केली आणि चालत गेले. अर्धा तास शिव्या खाल्ल्या त्याच्या."

मी तिच्या शेजारी बसलो. चर्चच्या चढावर तिने तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला, तशी गाडी पुढून डावी-उजवीकडे झुलायला लागली. "पाय काढ," मी म्हणालो. गाडी शांत झाली. "आता दे." पुन्हा तीच थरथर. चाकाचा दोष असता तर पाय काढल्यावरही राहिला असता. हा इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या ॲक्सलचा आतला जॉइंट होता. तो झिजला की फक्त जोर पडल्यावर नाचतो.

खोटं कशाला बोलू, मला चक्कर मारायची गरजच नव्हती. मार्चमध्ये हीच गाडी कॉर्मॅकने माझ्याकडे आणली होती, तेव्हा ती त्याची होती. "अख्खा ॲक्सल बदल," मी त्याला बजावलं होतं. "चढावर सुटला तर इंजिन नुसतं बोंबलत राहील आणि गाडी मागे घसरेल." तो म्हणाला, सध्या ग्रीस भरून दे, पुढच्या महिन्यात बघू. मी घट्ट ग्रीस भरलं, जॉइंटवरच्या रबरी आवरणावर नवी पट्टी आवळली. त्याने थरथर चार-सहा आठवडे दबते.

एप्रिलमध्ये त्याने ती गाडी बहिणीला विकली. आमच्याकडे घरच्या माणसाकडून गाडी घेताना हात मिळवतात आणि चावी घेतात. आधी चढावर चालवून बघते म्हणणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. डिंपनाने बॉनेटवर चर्चमधलं तीर्थ शिंपडलं आणि गाडी घेऊन गेली. मी गॅरेजच्या दारातून बघत होतो. भावंडांच्या व्यवहारात परक्याने तोंड घालायचं नाही, हीसुद्धा आमचीच रीत. कॉर्मॅकने तिला सांगितलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि मूग गिळून बसलो.

त्यातून गाडी दुरुस्तीला आली त्याच आठवड्यात, शुक्रवारी, डिंपना वकिलाकडे जाणार होती. बापाचं खालचं शेत कॉर्मॅकला घर बांधायला द्यायचं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं ते.

मी गाडी वर उचलली. डिंपना माझ्या शेजारी येऊन मान वर करून बघायला लागली.

"जुनी गाडी आहे, झिजायचंच," मी म्हणालो.

"ही पट्टी जुनी नाही."

मी हातातला दिवा बाजूला वळवला.

"मॅन्यूस, म्हातारी माणसं पायाची जखम माझ्यापासून लपवायला पट्टी बांधून ठेवतात. मला कळतं. कुणी बांधली ही?"

"मी."

"कधी?"

"मार्चमध्ये."

तिने तिथेच उभं राहून भावाला फोन लावला. गॅरेजात इतकी शांतता होती, की मला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अगं, मॅन्यूसकडून नीट करूनच दिली की तुला!" कॉर्मॅक म्हणाला. "काही असतं तर तो बोलला नसता का? रोज तर त्याच्या दारावरून जातेस."

हरामखोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डिंपनाने फोन खिशात टाकला.

"मी त्याला बदल म्हणून सांगितलं होतं," मी म्हणालो. "एकदा नाही, दोनदा!"

"आणि मला किती वेळा सांगितलंस?"

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. रडली नाही. गुरुवारी नवा ॲक्सल बसवून मी गाडी दिली, चर्चचा चढ ती लोण्यासारखी चढली. डिंपना थँक्यू म्हणाली, एखाद्या अनोळखी दुकानदाराला म्हणावं तसं.

शुक्रवारी तिने सही केली. पोस्टात मला ते कळलं आणि मी तसाच जाऊन तिला रस्त्यात गाठलं.

"डिंपना, केसाने गळा कापला त्याने तुझा. पॅकीच्या चढावर मेली असतीस! आणि वर शेत देतेस त्याला?"

"त्याला मी वाढवलंय," ती म्हणाली. "तो कसा आहे ते मला सहा वर्षांचा होता तेव्हापासून ठाऊक आहे. तुझं ठाऊक नव्हतं."

मी काय केलं होतं? मी काहीच केलं नव्हतं. हे तिला मोठ्याने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आता तिची गाडी दुरुस्तीला वीस मैलांवरच्या गॅरेजात जाते. आमच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याला, मग तो कुणी परका का असेना, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतात. रोज सकाळी डिंपना समोरून येते. मी बोट उचलतो. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात आणि नजर रस्त्यावर.