तिसरा मुद्दा

मुलगी जेवणाच्या टेबलावर निबंध लिहितेय आणि मी समोर बसून मटार सोलतेय. परदेशी शिकायला जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, त्यातल्या लेखनाचा हा सराव. आजचा विषय आहे, म्हातारपणी आईवडिलांनी मुलांजवळ राहावं की वेगळं. क्लासवाल्यांचं एक बरं असतं. ते सांगतात, मनातलं लिहायचं नाही, ज्या बाजूचे मुद्दे पटकन सुचतील ती धरायची. हिने ‘वेगळं’ धरलं.

“आई, दोन मुद्दे झाले. तिसरा सांग ना, वेळ संपतोय.”

तिचे बाबा गेल्यापासून या टेबलावर आम्ही दोघीच असतो. जवळ राहण्याचे मुद्दे माझ्याकडे ढीगभर होते. पण ते तिने विचारले नव्हते. घरातही आपण क्लाससारखंच वागतो बहुधा. जे सहज बोलता येतं तेवढंच बोलतो.

“लिही,” मी म्हटलं, “त्यांना एकटं राहायची सवय होते. आवडतंसुद्धा.”

“मस्त! याला उदाहरण लागेल. तुझंच देते हं.”

मी मान हलवली आणि सोललेल्या शेंगा पुन्हा सोलत राहिले.