कापसाला टेकलेला टीव्ही

मोताळ्यात माझं टीव्हीचं दुकान आहे, आणि बोलल्याशिवाय दुकान चालत नाही. तरी ही एक गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. बायकोपुढेही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही धड ठाऊक नाही.

टीव्हीच्या पाठीला चार भोकं असतात. त्यांच्यातलं आडवं-उभं अंतर मोजायचं आणि तेवढ्याच अंतराचा भिंतीवरचा स्टँड द्यायचा. यात अवघड काय आहे? काही नाही. पण सुपडाभाऊंनी टीव्ही घेतला त्या दिवशी तसा स्टँड दुकानात नव्हता, आणि ‘चार दिवसांनी या’ म्हटलं असतं तर ते सरळ बुलढाण्याला गेले असते. मी हाताशी होता तो लहान स्टँड बांधून दिला. चुकून नाही — मोजून, बघून दिला.

फिटिंग युनूसभाई करायचा. माझ्यापेक्षा वयानं मोठा, तरी मला सेठ म्हणायचा. भिंतीला त्यानं पाडलेलं एकही भोक कधी वाया गेलं नाही. सुपडाभाऊंच्या घरून त्याचा फोन आला.

“सेठ, वरचे दोनच स्क्रू बसून राह्यले, तेही आखूड. खालचे तं बसतच नाही. काढून आणू काय?”

सुपडाभाऊंच्या पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता. त्या वर्षी बोंडअळीनं अर्धं पीक नेलं. उरलेल्याला भाव येईल म्हणून तो त्यांनी घरातच ठेवला होता — छातीएवढा, भिंतीला लागून. त्या ढिगावर बसून घरचे टीव्ही बघणार होते. म्हणून टीव्ही ढिगाच्या वर लावायचा होता, खालची कड कापसावर.

“टेकून राहील,” मी म्हणालो. “कापूस गेला की बदलून देऊ. त्यांले काही सांगू नको.”

“कापूस जायच्या आधी बदला, सेठ.”

बरोबर मापाचा स्टँड आठवड्यातच आला. आणि मग? मग आज नाही, उद्या. उद्या बाजार, परवा लग्न. खोका समोरच्या फळीवर होता आणि मी रोज नजर चुकवत होतो.

इथवर नुसती चालढकल झाली. चालढकल कोण करत नाही? खरं पुढेच आहे.

एका सकाळी दुकानासमोरून कापूस भरलेली गाडी गेली. मागे मोटारसायकलवर सुपडाभाऊ. त्यांनी हात केला, मीही केला. कापूस निघाला होता. त्यांचं गाव पंधरा मिनिटांवर. फोन खिशात. ‘टीव्हीखाली कोणी जाऊ नका’ एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर समोरून ‘काऊन?’ आलं असतं — आणि मी काय सांगणार होतो? फोन केला नाही. गिऱ्हाइकाला रिमोट समजावत बसलो.

रिकाम्या झालेल्या खोलीत वच्छलाबाई, सुपडाभाऊंची बायको, झाडत होत्या. टीव्ही त्यांच्या उजव्या हातावर आला. मनगट मोडलं ते नीट जुळलंच नाही. कापूस वेचण्यात त्यांच्यापुढे जाणारी बाई गावात नव्हती. आता त्या हाताची मूठ वळत नाही.

सुपडाभाऊ चार माणसं घेऊन दुकानात आले. युनूसभाईलाही बोलावलं.

“मी सेठले फोनवर सांगितलं होतं,” तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मले काहीच नाही सांगितलं त्यानं,” मी म्हणालो.

युनूसभाईनं वाद घातला नाही. त्यानंतर आसपासच्या गावांत त्याला कोणी भिंतीला हात लावू दिला नाही, आणि वर्षभरात तो मोताळा सोडून गेला. कुठे, हे मी कधी विचारलं नाही.

सुपडाभाऊंना मी नवा टीव्ही दिला. स्वतः जाऊन लावला, चारही स्क्रू आवळून. वच्छलाबाईंनी डाव्या हातानं चहा आणून दिला.

“तुमी लय मोठ्या मनाचे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्या युनूसनं पाहा कसा घात केला.”

मी ‘हाव’ म्हणालो, आणि चहा प्यालो.