बाईंनी घेतलेली गोळी

माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाईंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकून खरी मानली नाही. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हट्टा गावाच्या पुढे माळावरच्या एका लहानशा गावात आम्ही तिघे मिळून चार वर्ग सांभाळत होतो. पहिली माझ्याकडे, दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी हेडमास्तरांकडे. हेडमास्तरांनी घंटा दिली तरी बाई अंगणात जाऊन स्वतःची सावली पावलांनी मोजायच्या आणि मगच हजेरी घ्यायच्या. एकदा झेंडावंदनाच्या दिवशी सरपंच तापानं फणफणले आहेत असा निरोप आला. बाई तडक त्यांच्या घरी गेल्या, खाटेवर बसून भाकरी मोडणाऱ्या सरपंचांच्या कपाळाला हात लावला आणि परत येऊन हेडमास्तरांना म्हणाल्या, "ताप न्हाई. येऊन राहिलेत." सरपंच मुकाट्यानं आले, पण वर्षभर बाईंशी बोलले नाहीत. हरभरा चार दिवसांत उगवतो असं पुस्तकात लिहिलं होतं. बाईंनी मुलांकडून तो डब्यात पेरून घेतला, पाचव्या दिवशी कोंब आला, तेव्हा सगळ्या वर्गाला पुस्तकातला चार खोडून पाच करायला लावलं. या गोष्टी सांगून मी पारावर लोकांना हसवत असे. मी स्वतः वरून सांगितलेलं सगळं खरं मानणारा माणूस. माझी नोकरी त्यामुळेच सुखात पार पडली.

त्या वर्षी माझ्या वर्गात गौतमी नावाची मुलगी आली. सहा वर्षांची, काडीसारखी. बुद्धविहाराच्या मागे तिचं घर. बाप नव्हता, आई रोजानं कापूस वेचायला जायची. आईला पाटीवरचं एक अक्षर येत नव्हतं, पण मुलगी शाळेत गेलीच पाहिजे हा तिचा हट्ट असा, की एकदा पूर आलेला ओढा तिनं पोरीला खांद्यावर बसवून ओलांडला होता. ही गौतमी दिवाळीपर्यंत बरी होती. पुढे तिला काय झालं कोण जाणे, जमिनीला तिचं बूड टेकेना. पाटी हातातून सुटायची. पाणी प्यायला म्हणून उठायची ती खिडकीवर चढलेली सापडायची. बोलणं इतकं भराभर, की अर्धे शब्द तोंडातच राहायचे. 'अ' काढायला सांगितला तर तो पाटीवर थरथरत जाऊन कडेवरून खाली पडायचा.

मी छडी वापरली. छडीनं भागेना, तेव्हा एक दिवस सुतळीनं तिचा पाय खिडकीच्या गजाला बांधला. हे लिहिताना आज हात अडखळतो, त्या दिवशी गाठ मारताना मुळीच अडखळला नव्हता. हेडमास्तर दारातून डोकावले आणि म्हणाले, "बराबर केलं. तिकडची लेकरं अशीच." मी मान हलवली. ही मान माझ्या नोकरीत फार वेळा हलली.

मधल्या सुट्टीत बाईंनी ती सुतळी पाहिली. सोडली आणि मला विचारलं, "काहून बांधली?"

वांड आहे, मी म्हटलं.

"वांड म्हंजे? सकाळी वांड का दुपारी? रोज का एखाद्या दिवशी?"

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी आपल्या मुलांना पाढे लिहायला बसवलं आणि स्वतः माझ्या वर्गात, शेवटच्या रांगेत, मुलांमध्ये मांडी घालून बसू लागल्या. आठ दिवस बसल्या. मी पहिलीला शिकवतोय आणि मागे चाळिशीची बाई गुडघ्यावर हनुवटी ठेवून गौतमीकडे एकटक पाहतेय, या प्रकारानं मला घाम फुटायचा. नवव्या दिवशी म्हणाल्या, पोरगी शाळा भरताना भिंगरीसारखी असते, जेवणानंतर हळूहळू निवते, आणि मधले दोन दिवस ती अजिबात हलली नाही. मग त्या गौतमीच्या घरी गेल्या. मलाही ओढून नेलं.

आईनं फडक्यात बांधलेल्या गोळ्या दाखवल्या. कापसाच्या दिवसांत पोरीला दम लागायला लागला, वसमतच्या एका डॉक्टरनं छाती मोकळी होण्यासाठी रोज सकाळी एक गोळी द्यायला सांगितलं होतं. मधले दोन दिवस गोळ्या संपल्या होत्या.

"गोळी देली की लेकरू श्वास घेते," आई म्हणाली, "मंग भिंगते. न्हाई देली तर गप पडते. बाई, भिंगलेलं पाहवते, गप पडलेलं पाहवत न्हाई."

गोळीनं मूल असं होतं हे दुसऱ्या कोणाला पटलं असतं. बाईंना कसं पटावं? त्यांनी एक गोळी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गिळून शाळेत आल्या. तासाभरात त्यांच्या वर्गातून खडू मोडल्याचे आवाज येऊ लागले. मग बाई व्हरांड्यात दिसल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप चालत त्या सतराचा पाढा म्हणत होत्या आणि मुलं दारात गर्दी करून फिदीफिदी हसत होती. मी गेलो तेव्हा त्यांनी मला फळ्यापुढे उभं केलं. मोत्यासारखं अक्षर असलेल्या बाईंनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं होतं, ते गौतमीच्या 'अ'सारखंच थरथरत खाली उतरलं होतं. त्यांनी तळवा पुढे केला. बोटं कापत होती.

"मास्तर, मी पण वांड झाले. आणा छडी."

मुलं खदखदून हसली. मीही हसलो. पण मला पटलं होतं, हे आज कबूल करतो. पुढचं सगळं मी पटल्यानंतर केलं.

बाई रविवारी वसमतला जाऊन डॉक्टरांशी बोलणार होत्या. त्याआधी शुक्रवारी तपासणीचे साहेब यायचे होते. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, की त्या पोरीची तकलीफ साहेबांपुढे नको, आईला सांगा, त्या दिवशी पोरगी गप बसली तर बसली, नाहीतर पटावरून नाव काढू. हे सांगायला मी गेलो. नाही म्हणता आलं असतं. माझ्या सांगण्यातलं 'नाव काढू' एवढंच त्या माउलीनं ऐकलं असणार.

शुक्रवारी गौतमी आली आणि पहिल्या रांगेत बसली. हात मांडीवर, नजर समोर. साहेब वर्गात आले, त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि नेमकं गौतमीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही मुलगी पाहा. अशी शिस्त पाहिजे." माझी छाती फुगली. तिची फुगत नव्हती, हे मला तीन हातांवरून दिसलं नाही.

बाईंना ते दारातून दिसलं. त्या परवानगी न घेता आत आल्या, साहेबांना खांद्यानं बाजूला सारलं, गौतमीला उचललं आणि निघाल्या. तेव्हा मी पोरीचं तोंड जवळून पाहिलं. ओठ निळसर झाले होते. खांदे कानांपर्यंत वर ओढलेले. आईनं सकाळची गोळी दिलीच नव्हती; बाईंनी ती घरून आणवून दिली, पाण्याच्या टाकीजवळ तिला पुढे वाकवून बसवलं, आणि मिळेल त्या बैलगाडीनं सडक गाठून वसमतला नेलं. डॉक्टरांनी सुई दिली. गोळी मोठ्या माणसाच्या मापाची होती, ती बाईंनी त्यांच्याशी भांडून पाव करून घेतली, सकाळी आणि संध्याकाळी.

पोरगी वाचली. बाईंची महिन्याभरात बदली झाली, डोंगरकड्याच्या पलीकडे, जिथपर्यंत एस.टी.ही जात नव्हती. कारण दिलं होतं, वरिष्ठांशी असभ्य वर्तन. वर गेलेला तक्रारीचा कागद माझ्या अक्षरात लिहिलेला होता, कारण हेडमास्तरांचं अक्षर बरं नव्हतं.

त्या निघाल्या त्या सकाळी मी त्यांची ट्रंक सडकेपर्यंत पोचवली आणि चुकलो म्हणालो.

"मले काहून म्हणता?" त्या म्हणाल्या. "जिच्याशी चुकलात, तिले म्हना." रागावलेल्या वाटल्या नाहीत. दमलेल्या वाटल्या.

शाळेत आलो. गौतमी पाटी घेऊन बसली होती, आता थोडी स्थिर, तरी पायाचा अंगठा हलतच होता. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. लहान मुलाची माफी कोणत्या शब्दांत मागतात, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "गुर्जी, मी बसू का उभी राहू?"

तुला वाटेल तसं, मी म्हटलं.

तिला ते खरं वाटेना. तिनं आधी पाटी बाजूला ठेवली. मग उठली, दारापर्यंत गेली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी अडवत नाही असं पाहून अंगणात पळाली. लिंबाला एक फेरी, दोन फेऱ्या, तिसरीला धाप लागली तशी थांबली, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि पुन्हा पळाली. मी दारात उभा राहून पाहत होतो. एवढ्यात सडकेवरून बाईंची एस.टी. गेल्याचा आवाज आला.