गठ्ठ्यातली चिठ्ठी

राजभाषा कुठली व्हावी यावरून पेटलेल्या चळवळीचे ते दिवस. पेडण्यात मी मास्तर होतो. शाळा बंद होती, आणि शिकवण्यापेक्षा मोठं काम आपल्याला मिळालंय, अशी माझी समजूत झाली होती. म्हापशाहून सूचनांचे गठ्ठे निघायचे, हातोहात फेरीबोटीतून चोपड्याच्या धक्क्यावर यायचे, आणि तिथून मी ते वाडोवाडी पोचवायचो. वाचायची गरजच नसायची, कारण उद्या कुठला रस्ता अडवायचा एवढंच त्यात असायचं. एका गठ्ठ्यावर शेकड्यांनी माणसं उभी राहतात, याचा मला भारी अभिमान होता.

त्याच रस्त्यांपलीकडे डिचोलीला माझी बहीण दिवस भरत आलेली. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. पण ती निघणार त्या दिवशी चळवळीतल्या आमच्याच बाजूच्या लोकांनी रस्त्यावर झाडं आडवी पाडली.  आई नुसती दारापर्यंत जायची आणि परत यायची. मलाही एका जागी बसवेना.

त्या दिवशी सकाळचा गठ्ठा घेऊन घरी आलो, पिशवी खुंटीला अडकवली, तोच आमची नेहमीची मासळीवाली अंगणात आली. आमच्यात आणि तिच्यात ना नातं ना गोत. चळवळीत तर ती पलीकडच्या बाजूची; तरी तिने आमचं दार एक दिवस चुकवलं नव्हतं. टोपली न उतरवताच तिने सांगितलं, की काल म्हापशात माझ्या मावशीच्या समोरच्या घरी ती मासळी देत होती, तेव्हा बहिणीचा दीर मावशीकडे आलेला तिने पाहिला.

"तो भितर सरलो ना," ती म्हणाली. "उदकूय घेतलें ना. आंगणांतच उबो रावलो आनी गेलो."

पुढचं तिला ठाऊक नव्हतं. अशा वेळी विचारायचं तरी कसं, म्हणून तिने विचारलं नव्हतं.

माणूस अंगणातूनच पाण्याशिवाय परत जातो तो सुतकात, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. शेजारच्या चुलत्यांनी लगेच विहिरीचं पाणी काढून घागर आईपुढे ठेवली. लेकीचं ऐकल्यावर आंघोळ करायला हवी, असं ते हलकेच म्हणाले. नात्यातल्या माणसांचं हे असं असतं. बातमी पुरती येण्याआधी त्यांचे विधी तयार. मला त्यांचा भयंकर राग आला.

आईने घागरीला हात लावला नाही. "कोणेंय तोंडान सांगल्याबगर हांव न्हांवची ना," एवढंच बोलून ती घागरीसमोर बसून राहिली.

मी तसाच मावशीकडे निघालो. फेरीबोटीत धड उभं राहवेना. पलीकडच्या काठावर शिवोली, तिथून म्हापशापर्यंत चालत, मधेच पळत. वाटेत आमच्या बाजूच्या दोघा-तिघांनी उद्याचं काय म्हणून विचारलं. एकालाही माझी बहीण कशी आहे हे विचारावंसं वाटलं नाही, आणि त्यांना तरी का वाटावं? आम्ही एकमेकांना फक्त रस्त्यांपुरते ओळखत होतो.

मावशीने मला पाहिलं आणि ती हसली. मी तिथेच पायरीवर बसलो.

मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. दिराला सोयर, बाळ जन्मल्याचा विटाळ, म्हणून तो आत आला नाही. त्यांचं घर अशा बाबतीत कडक. रस्ते बंद म्हणून तो डिचोलीहून चालत आला आणि उजेड असेतो परत पोचायचं म्हणून लगेच फिरला. मासळीवालीने पाहिलं ते अगदी खरं होतं. अर्थ आम्ही लावला.

"पण चिठ्ठी मिळाली ना तुला?" मावशीने विचारलं. तिने कालच लिहून गठ्ठे बांधणाऱ्या आमच्या मुलांकडे दिली होती. त्यांनी ती सकाळच्या गठ्ठ्यात घातली होती. तो हमखास माझ्या हाती पडतो, हे तिला मीच ऐटीत सांगितलं होतं.

परतताना फेरीबोट हलेचना असं वाटत होतं. आई घागरीसमोर तशीच बसलेली. मी अंगणातूनच सांगितलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तिने पदर तोंडाला लावला आणि ती बराच वेळ रडली. मग तिने विचारलं, मावशीने कुणाकडून कसं कळवलं नाही.

मी खुंटीवरची पिशवी काढली. गठ्ठ्याची सुतळी सोडली. सूचनांच्या मधोमध घडी घातलेला वहीचा कागद होता, वर माझं नाव. तो मी तिच्यापुढे धरला.

आईला वाचता येत नव्हतं. मावशीचं अक्षर मात्र ती ओळखायची. तिने कागद उलटासुलटा पाहिला, मग खुंटीकडे, मग माझ्याकडे. दिवसभर भरून ठेवलेली ती घागर तिने माझ्या पायांपाशी सरकवली.

"तूंच न्हा आतां," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.