रडणाऱ्या नवऱ्याचा पिक्चर

नागपूरच्या इतवारीतल्या त्या टॉकीजला बायकांसाठी वेगळा दरवाजा होता आणि त्या दरवाज्यावर देवकी उभी असायची. तिकीट अर्धं फाडून परत द्यायचं, आतल्या अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, एखादं लेकरू फारच रडायला लागलं तर त्याच्या आईला बाहेरच्या बाकावर आणून बसवायचं, हे तिचं काम. शो सुटला की खुर्च्यांखाली शेंगांची टरफलं असत, पानाच्या पिचकाऱ्या असत, पोरांनी केलेलं सगळं काही असे. ते झाडायला अंजनाबाई होती, देवकीची मावशी. तिनंच देवकीला ही नोकरी लावून दिली होती. दुसऱ्यांची घाण पाहून देवकीनं कधी नाकाला पदर लावला नाही. एकाहत्तरच्या मे महिन्यात मात्र तिला एका पिक्चरची अशी शिसारी बसली की दुपारचं जेवण जाईना.

पिक्चर जुना होता, काळा-पांढरा. मॅनेजर चंपतरावांनी तो स्वस्तात मिळतो म्हणून मॅटिनीला लावला. एका डोंगरावरच्या बंगल्यात राहणारा डॉक्टर, त्याची सुंदर बायको, आणि सगळीकडे धुकं. बायको एक चिठ्ठी जाळताना डॉक्टरला दिसते. त्या दिवसापासून तो तिच्यावर नजर ठेवतो, जिन्याच्या अंधारात उभा राहतो, तिच्या मागे मागे जातो. ती कोणा परक्या माणसाला भेटते हे पाहून तो तिला रात्री घराबाहेर काढतो, आणि ती धुक्यात दरीत पडून मरते. मग दुसरी चिठ्ठी सापडते. तो माणूस तिचा भाऊ असतो, तुरुंगातून पळालेला. शेवटचं अख्खं रीळ डॉक्टर तिच्या प्रेताजवळ बसून रडतो.

नागपूरच्या उन्हात, गारव्यासाठी वाळ्याच्या ताट्या लावलेल्या त्या थिएटरात, बायका हे धुकं पाहायला तुटून पडल्या. चंपतराव एक आठवडा म्हणत होते, तो पिक्चर चौथ्या आठवड्यात गेला. महाल भागातल्या एका वकिलाची बायको इंदुताई तर दर बुधवारी यायची. शो सुटला की ओला रुमाल हातात चुरगाळत दारात थांबायची.

"असा नवरा मिळायला भाग्य लागतं गं देवकी," ती म्हणायची. "आमच्याकडे मी दोन दिवस दिसले नाही तरी कळायचं नाही कोणाला."

देवकी म्हणायची, "हाव ताई." आणखी काय म्हणणार?

देवकीलाही नवरा होता. मारोतराव, गिरणीत मागावर. लग्नानंतर पहिलं वर्ष बरं गेलं. मग तो पाळीवर जाण्याआधी उंबऱ्याबाहेर चुलीची राख चाळून पसरायला लागला. परत आला की चपला काढण्याआधी उकिडवा बसून ती राख पाहायचा. देवकीच्या वेणीचा वास घ्यायचा, पदराचा घ्यायचा. माठातलं पाणी किती कमी झालं ते पाहायचा, कारण एकटी बाई इतकं पाणी पीत नाही. एकदा शेजारची म्हातारी विरजण मागायला आली आणि तिचं पाऊल राखेत उमटलं. मारोतरावनं देवकीला त्या पावलाशेजारी अनवाणी उभं केलं. पाय ठेव, उचल, पुन्हा ठेव. तासभर तो मापं जुळवत होता. चाळीतली पोरं खेळ समजून पाहायला जमली होती.

ती दोनदा सावनेरला भावाकडे पळून गेली. दोन्ही वेळा भाऊ धोंडबा तिला एस.टी.त बसवून परत सोडून गेला. "संशय घेते म्हणजे जीव हाये त्याचा तुह्यावर," तो म्हणाला. "ज्याले बायको नको असते तो कायले राख चाळन?" तिसऱ्यांदा ती सावनेरला गेलीच नाही. पेटी घेऊन सरळ अंजनाबाईच्या खोलीत आली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

तर अशी ही देवकी रोज त्या डॉक्टरला जिन्यात उभा राहिलेला पाहायची. त्याची ती चकचकीत टोपी, तिरपी सावली, मागून वाजणारं व्हायोलिन. मारोतराव उकिडवा बसायचा तेव्हा त्याच्या बनियनला घामाचा वास यायचा आणि व्हायोलिन वाजत नव्हतं, एवढाच काय तो फरक. ती अंजनाबाईजवळ चिडून बोलायची, "बाया काहून रडून राह्यल्या मावशी? मारलं त्यानं तिले."

पण एक गोष्ट तिनं मावशीलाही सांगितली नव्हती. शेवटचं रीळ लागलं की ती दार लोटून आत जायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. डॉक्टर प्रेताच्या पायांवर डोकं टेकायचा आणि देवकीचे डोळे भरून यायचे. रोज. नऊ वर्षं कुठंतरी आत तिला वाटत आलं होतं, की एक दिवस मारोतराव येईल आणि असाच रडेल. हे तिचं तिलाच कळलं तेव्हा ती मोरीत जाऊन ओकली. दिवे लागायच्या आत तोंड धुऊन ती पुन्हा दारावर उभी राहिली.

आणि चौथ्या आठवड्याच्या बुधवारी मारोतराव आला.

शो सुटला होता. बायका डोळे पुसत बाहेर पडत होत्या. तो पुरुषांच्या थर्ड क्लासच्या दारातून निघाला आणि गर्दी कापत बायकांच्या दाराशी येऊन उभा राहिला. केसांना कलप लावलेला, गालांवर पाणी, नाक वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"देवके," तो हात जोडून म्हणाला, "तीन वेळा पाह्यला वं मी हा पिक्चर. तो डाक्टर म्हणजे मीच. मी लय चुकलो."

बायका थांबल्या. इंदुताई तर अगदी जवळ उभी होती. मारोतराव आणखी मोठ्यानं रडायला लागला. देवकीला नऊ वर्षं जे हवं होतं ते समोर उभं होतं, आणि तिला त्या वाहत्या नाकाशिवाय काही दिसेना.

"ती बाई मेल्यावर तो रडला," ती म्हणाली. "मी मरतो कधी, याची वाट पाहून राह्यले होते का तुमी?"

"असं नको बोलू. माह्यं प्रेमच तसं होतं."

मग तो पुढे झुकला. बायकांना ऐकू जाऊ नये इतका आवाज खाली आणला. रडणं नळ बंद करावा तसं थांबलं होतं.

"झालं ते झालं. मी आता काई म्हणत नाई, देवाची आण. फक्त येकडाव सांगून दे. कोण होता तो?"

देवकीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं तेव्हा कळलं, बरोबर ऐकलं. तोच उकिडवा बसणारा माणूस आत होता, मापं जुळवत.

"सरका," ती म्हणाली. "हा लेडीजचा दरवाजा हाये."

तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा चंपतरावांनी गेटवरच्या माणसाला सांगून त्याला बाहेर काढलं. पण जाताना ते देवकीलाही ऐकवून गेले, की नवऱ्याला असं चारचौघांत रडवणं बाईमाणसाला शोभत नाही. पानवाला तेच म्हणाला. ज्या बायकांनी ते रडणं पाहिलं होतं त्या आता तिकीट देताना तिच्याकडे निराळ्याच नजरेनं बघत.

पुढच्या बुधवारी इंदुताई लवकर आली. "देवकी, पुरुषासारखा पुरुष दारात रडला गं," ती म्हणाली. "इतकं कठोर होऊ नये माणसानं."

देवकीनं तिला सांगून टाकलं. राख, पावलांची मापं, आणि शेवटी कानाशी विचारलेला प्रश्नसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं हे सगळं एका दमात कोणाला सांगितलं. इंदुताई ऐकताना हळहळली. तिनं देवकीच्या हातावर हात ठेवला. घंटा झाली, बाकीच्या बायका आत गेल्या, तरी ती हलेना.

"पण," इंदुताई हळूच म्हणाली, "होतं का गं कोणी?"

देवकीनं तिचा हात बाजूला केला. तिचं तिकीट फाडलं, अर्धं परत दिलं आणि बॅटरी मारून खुर्ची दाखवली. त्या दिवशी शेवटच्या रिळाच्या थोडं आधीच ती आत गेली आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. पांढऱ्या उजेडात तिला बायकांचे चेहरे दिसत होते. पाच-पाच वेळा पिक्चर पाहिलेल्या त्या बायका तोंड अर्धं उघडं टाकून, मान पुढे काढून, तो माणूस कोण होता हे सांगणारी चिठ्ठी कधी फुटते याची वाट पाहत होत्या. रडू त्यानंतरचं होतं. आधी ही भूक होती. देवकीच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं नाही आणि पुढेही कधी आलं नाही.

सहाव्या आठवड्यानंतर पिक्चर उतरला. देवकी ऐंशी सालापर्यंत त्या दारावर होती. मग गुडघे दुखायला लागले म्हणून काम सोडून अंजनाबाईच्याच खोलीत राहिली. कुठलाच पिक्चर मात्र तिनं पुन्हा आत जाऊन पाहिला नाही. शेजारपाजारच्या लेकी-सुना आग्रह करत, ती म्हणायची, "मले अंधारात बसवत नाई."

मारोतरावनं एकाहत्तरच्याच दिवाळीनंतर नरखेडकडची एक पोरगी घरात आणली. वयानं निम्मी. अंजनाबाईनं बातमी आणली तेव्हा देवकी भाकरी थापत होती. त्या पोरीला जाऊन सावध करावं असं तिच्या मनात आलं. घर वीस मिनिटांच्या वाटेवर होतं. उद्या जाऊ म्हणाली, मग सुट्टीच्या दिवशी जाऊ म्हणाली. लोक म्हणतील नवरा परत पाहिजे म्हणून आली, ही भीती होतीच. आणि खरं सांगायचं तर, ती संशयाची नजर आता दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर गेली याचं तिला हलकंही वाटलं होतं. ती गेली नाही. त्या पोरीचं नावसुद्धा तिनं कोणाला विचारलं नाही. मारोतरावची किळस पुढे वर्षामागून वर्षं जाताना ओसरत गेली, पण स्वतःच्या त्या हलकं वाटण्याची किळस काही गेली नाही.