गिधाडांना उपाशी परत पाठवलं तो रविवार

परवा रविवारी मी भुकेल्या गिधाडांच्या पुढ्यातलं ताट काढून घेतलं... आणि वर त्यांना ओढणीने हाकललंसुद्धा!

नव्याने जोडलेल्यांसाठी सांगते. मी ओझरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट तपासायचे आणि जरा शंका आली की 'रिजेक्ट' म्हणायचं, याचाच मला पगार मिळतो. ही खोड घरीही सुटत नाही, असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

सुट्टीला आम्ही चार मित्रमैत्रिणी त्र्यंबकच्या बाजूला एका डोंगराखाली जातो. वर कड्यात गिधाडांची घरटी आहेत. खाली माळावर गावकऱ्यांच्या मदतीने एक जागा ठरवलीय, आसपास कुणाचं जनावर मेलं की तिथे आणून ठेवायचं... गिधाडांची पंगतच म्हणा ना.

या पंगतीला एकच नियम. मरायच्या आधी जनावराला दुखणं थांबवायची सुई दिली असेल तर ते चालत नाही, पुरायचं. डायक्लोफेनॅकसारखं औषध मांसात उरतं आणि ते खाल्लं की गिधाडाची किडनी जाते. आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली ती यापायीच. एका गाईवर अख्खा थवा बसतो आणि जोडी वर्षाला अंडं घालते एकच... म्हणजे चुकीची एक गाय आली तर आमचा सगळा कडा रिकामा.

म्हणून गाडीतून उतरवण्याआधीच विचारायचं. पण रविवारी आम्ही पोचेपर्यंत भाड्याचा ट्रॅक्टर गाय उतरवून निघूनही गेला होता.

शेजारच्या वाडीतले निवृत्तीमामा गाईपाशी उभे होते. कपिला त्यांची लाडकी. तिच्या कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मला बघून म्हणाले, "ताई, कपिला आणली तुमच्या पाखरांना. तिचं सोनं होऊ द्या."

ती माळ बघून विचारणं जिवावर आलं. तरी विचारलं, "मामा, सुई दिली होती का हो?"

"दिली ना! लय तळमळत व्हती बिचारी. तो गुरांना सुई टोचायला मोटरसायकलवर येतो ना, त्यानं दिली परवाच्याला."

"कोणती?"

"ते मला काय ठावं? बाटली बी त्यानंच नेली."

झालं... मी म्हटलं, मामा, ही नाही चालणार. पुरावी लागेल.

मामांचा चेहरा आधी उतरला आणि मग तापला. "इतक्या लांबून आणली ती पुरायला? आमच्या गाईत काय खोट हाय?" असं म्हणून ते पाठ फिरवून पळसाखाली जाऊन बसले. खोट गाईत नव्हती हो, पण हे त्या क्षणी त्यांना कोण समजावणार?

काशिनाथ, म्हणजे आमचा तिथला माणूस, हळूच म्हणाला, "ताई, दोन आठवडे झाले, काय आलं नाय खायला. वर पिल्लं हायेत. सुई साधी बी असंल..."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, असेलही साधी. पण 'असेल' या शब्दावर मी कारखान्यात एक स्क्रू पास करत नाही. इथे तर अख्खा कडा होता. मी म्हटलं, काशिनाथ, कुदळ आण.

जमीन म्हणजे नुसता मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची आणि ढेकूळ निघायचं मुठीएवढं. हातांना फोड आले... आणि तेवढ्यात वर पहिली सावली फिरली.

मग दुसरी. मग एकेक करून ती खडकांवर उतरायला लागली, माना पुढे काढून, पंख अर्धवट उघडे ठेवून. एरवी ज्यांच्यासाठी आम्ही तासन् तास झुडपामागे श्वास रोखून बसतो, ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर! एक तर टुणटुण उड्या मारत थेट गाईकडे निघालं.

मी ओढणी काढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडत धावले. हातातोंडाशी आलेला घास काढून घेणं म्हणतात ते हेच. ओरडता ओरडता रडू येत होतं. एका बाजूचं उठवलं की दुसऱ्या बाजूचं पुढे सरकायचं. बाकीचे खड्डा खणत होते, एकटीला ते झेपेना.

आणि मागून आवाज आला, "हुर्रर्र! चला, निघा! ही नाय तुमच्यासाठी!"

निवृत्तीमामा! खांद्यावरचा टॉवेल गरागरा फिरवत ते गाईच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही रडता त्यांना हाकलताना... म्हंजे काहीतरी खरं असंल."

दुपार कलेपर्यंत खड्डा झाला. तोवर मामांनी घरून मिठाचं पोतं मागवलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून कपिलाला ठेवलं, मामांनी स्वतःच्या हाताने मीठ पसरलं आणि माती लोटली.

त्या दिवशी सगळी गिधाडं उपाशी परतली. पण सगळी परतली... कड्यावर, आपापल्या पिल्लांकडे.

काल जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, निवृत्ती बोलतोय. बैल लंगडतोय. मोटरसायकलवाला दारात उभा हाय, पण त्याला म्हटलं थांब, आधी विचारू दे. कोणती सुई चालंल?"

मी फोन तसाच धरून आमच्या ओळखीच्या सरकारी पशुवैद्यांना दुसरा लावला. गिधाडांना न बाधणारं औषध असतं, बैलाला तेच मिळालं.

मामा, तुम्ही त्या माणसाला दारात थांबवलंत, यासाठी तुमच्या पाया पडायला येतेय या रविवारी. येताना मिठाचं एक पोतंही आणते. पुन्हा लागलं, तर पुन्हा खणू.