तिसरा कॅन

डेअरीत त्यांना नाकसाहेब म्हणत, आणि तेही तोंडावर म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी दुधाच्या धक्क्यावर उभं राहून एकच काम केलं. गाडी लागली की कॅनचं झाकण उचलायचं, उलटं करून नाकाशी न्यायचं आणि 'घ्या' नाहीतर 'परत' एवढंच म्हणायचं. पुढे तपासणीची यंत्रं आली, पण यंत्राला वेळ लागे आणि नाकसाहेबांना तो लागत नसे. म्हशीनं काय खाल्लं, कॅन धुताना कोणी अंगचोरपणा केला, दूध कुठल्या कोंदट खोलीत झाकून ठेवलं होतं, हे सगळं त्यांना झाकणाच्या आतल्या बाजूवरून कळे. ज्यांचं दूध परत जाई ते शिव्या घालत, पण नाक चुकलं असं कोणाला कधी म्हणता आलं नाही.

त्या धक्क्यावर त्यांनीच घालून दिलेला एक नियम होता, आणि तो भिंतीवर तेलरंगात लिहिलेला होता. ओळीनं तीन कॅन नासके वाटले, तर चौथा उघडू नका. बाहेर जा आणि आपली बाही हुंगा. कारण साधं होतं. तीन गावांचं दूध एकाच वासानं नासत नाही. तसं वाटलं तर खोट दुधात नसते, हुंगणाऱ्यात असते. त्याला सर्दी झालेली असते, नाहीतर त्याच्या हाताला काहीतरी लागलेलं असतं. नवा माणूस कामावर आला की नाकसाहेब त्याला पहिल्यांदा त्या भिंतीपुढे उभं करत.

घरात या नाकाचं कौतुक कमी आणि जाच जास्त होता. बायकोनं घासलेलं भांडं ते हुंगून मगच मांडणीवर जाऊ देत. टॉवेल, अंथरूण, पाहुण्यांनी दाराशी काढलेले मोजे, कशाचीच सुटका नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशातल्या एका शहरात तीन महिने राहून यायचं ठरवलं. त्या शहराचं, नदीचं आणि पुलांचं चित्र डेअरीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. तिथली भाषा शिकायला दोन वर्षं ते संध्याकाळच्या वर्गाला गेले, आणि पोराबाळांच्या वर्गात पहिले आले. बायकोला बरोबर येतेस का विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. तीन महिने एका खोलीत तुमच्या नाकाबरोबर राहण्यापेक्षा मी बहिणीला बोलावून घेते."

शहर अगदी चित्रातल्यासारखं होतं, फक्त चित्राला वास नव्हता. नदीला शेवाळाचा आणि डिझेलचा वास होता. ट्राममध्ये ओल्या कोटांचा, पायपुसण्यांचा आणि कोणाच्या तरी मांडीवरच्या कुत्र्याचा वास होता. नाकसाहेब उतरले होते ते तीन मजली लॉज होतं. जिन्यावरच्या गालिच्याला मांजरानं कुठं काय केलं ते त्यांनी पहिल्याच दिवशी पायरीसकट ओळखलं. न्हाणीघर चार खोल्यांत मिळून एक होतं. इतर बिऱ्हाडकरू तिथं मागे काय काय ठेवून जात ते त्यांनी पहिल्याच सकाळी टिपून घेतलं. साबणाच्या वडीला चिकटलेला केस, पेल्याच्या तळाशी वाळलेली टूथपेस्ट, जाळीवर गुंतलेला केसांचा पुंजका. ते चपला घालूनच आंघोळ करत, आणि पाणी पायावरून वाहून जाईपर्यंत डोळे मिटून उभे राहत.

लॉजची मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरे आणि साफसफाईला एक बाई होती. पन्नाशीची, ठेंगणी, चाकांची बादली ढकलत वरखाली करणारी. ती कोणाशी बोलत नसे म्हणून नाकसाहेबांनी मनातल्या मनात तिचं नाव मौनीबाई ठेवलं. जिन्याखालच्या खोलीत ती राहत असे. ती खोली कामाबरोबरची होती. काम गेलं की खोलीही गेली. सगळ्यांच्या चादरी ती आठवड्यातून एकदा बदली, पण नाकसाहेबांच्या उशीचा अभ्रा रोज नवा असे. हा आपल्या धाकाचा परिणाम आहे, असं समजून ते खूश होते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या खोलीत तो वास सुरू झाला. कुजका, आणि वर किंचित गोड. मोरीच्या पाइपात उंदीर मरून पडावा तसा. त्यांनी पलंग ओढून बघितला, कपाटामागे टॉर्च मारला, सतरंजी उलटी केली. खाली लख्ख फरशी होती. मालकीणबाईला बोलावून आणलं, तर ती म्हणाली तिला खोलीत काहीच येत नाही. बोलताना मात्र ती दोन पावलं मागं सरकली आणि खिडकी उघडून तिथंच उभी राहिली. हिला पक्कं माहीत आहे, असं नाकसाहेबांनी ओळखलं. मनात पाप असल्याशिवाय कोणी असं मागं सरकत नाही.

तिनं त्यांना वरच्या मजल्यावरची खोली दिली. दोन दिवसांत तिथंही तोच वास. जेवण घशाखाली उतरेना. बाहेरचा पाव खावा तर त्यालाही तोच, पाणी प्यावं तर पेल्यालाही तोच. आता नाकसाहेबांनी आपलं एकतीस वर्षांचं डोकं चालवलं. दोन मजले वेगळे, खोल्या वेगळ्या, मग वास एक कसा? दोन्हीकडे जाणारी वस्तू कोणती? मौनीबाईची बादली. ती एकाच घाणेरड्या पाण्यात फडकं बुचकळून सगळ्या खोल्या पुसत असणार, दुसरं काय.

त्यांनी तक्रार लेखी दिली. परक्या भाषेतलं त्यांचं हे पहिलं खरंखुरं पत्र होतं, आणि ते त्यांनी तीनदा खर्डा करून लिहिलं. 'मी एकतीस वर्षं वास तपासण्याचं काम केलं आहे,' अशी सुरुवात होती. दुर्गंधीचं मूळ बादली आणि ती वापरणारी बाई आहे, असं मध्यभागी होतं, आणि दखल घेतली नाही तर प्रवाशांच्या वेबसाइटवर सगळं लिहीन असा शेवट होता. व्याकरणाची एकही चूक नव्हती. वर्गातल्या मास्तरांना प्रत पाठवावी, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं.

चौथ्या दिवशी ते जिना उतरत होते तेव्हा मौनीबाई दोन पिशव्या घेऊन दाराशी उभी होती. जिन्याखालच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत बादली उपडी घातलेली होती, फडकं पिळून दोरीवर वाळत होतं. तिनं त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून नाकसाहेब रस्त्यावर आले. त्या उपड्या बादलीनं त्यांना एकदा टोचलं, नाही असं नाही. धक्क्यावर उपडा कॅन ठेवणारा माणूस कामाचा चोख असतो हे त्यांना माहीत होतं. पण ते थांबले नाहीत.

बाई गेली, वास राहिला. उलट वाढला. नवी सफाईवाली अभ्रा आठवड्यानं बदली, आणि सकाळी उठल्यावर उशीवरून मान उचलताना नाकसाहेबांना उमासे येत. शेवटी त्यांनी लॉजच सोडलं आणि नदीपलीकडे एका नव्या इमारतीत खोली घेतली. भिंतींचा रंग ताजा, गादी प्लास्टिकच्या वेष्टनातून त्यांच्यासमोर काढलेली. तिसऱ्या दिवशी तिथंही उंदीर मेला.

रविवारी बायकोशी फोनवर त्यांनी मनातली सगळी मळमळ ओकून टाकली. हे शहर मुळापासून सडलेलं आहे, माणसं आतून घाण आहेत, यांना नाकंच नाहीत, एक लॉज सोडलं, एक बाई काढायला लावली, तरी तेच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "खोल्या किती झाल्या?"

"तीन."

"मग बाही हुंगलीत का?"

नाकसाहेबांनी फोन ठेवून दिला. जन्मभर भांडी हुंगून घेणाऱ्या बाईनं आपल्याला आपलाच नियम शिकवावा, हे त्यांना झोंबलं. समोर सकाळीच स्वतःच्या हातानं धुतलेला सदरा वाळत होता. शेवटी ते उठले आणि त्यांनी बाही नाकाशी नेली. मेलेला उंदीर. साबणाची कोरी वडी फोडली, उंदीर. खिडकी उघडून बाहेरची गार हवा ओढली; उंदीरच. मग त्यांनी हाताची ओंजळ तोंडापुढे धरली, तीत श्वास सोडला आणि न्हाणीघराकडे धावले.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या तोंडावर एक पट्टी होती तिच्यावर दुसरी चढवली. वरची दाढ मुळाशी कुजली होती आणि पू वर नाकाच्या पोकळीपर्यंत गेला होता. महिनाभर दुखत असेल, त्या म्हणाल्या. थोडं ठणकत होतं खरं, पण ते नाकसाहेबांनी गार हवेवर ढकललं होतं. दाढ निघाली तेव्हा मागून जे आलं ते बघून मदतनीस मुलीनं तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "इतके दिवस वास आला नाही तुम्हाला?" नाकसाहेबांच्या तोंडात कापूस होता, आणि तो आहे याचं त्यांना बरं वाटलं.

औषधांनी आठ दिवसांत नाक मोकळं झालं. शहराला पुन्हा नुसता शेवाळाचा आणि डिझेलचा वास येऊ लागला. पण किळस काही गेली नाही. ती आता घर बदलून त्यांच्याच अंगात राहायला आली होती. ट्राममध्ये शेजारचा माणूस उठून का उभा राहिला, मालकीणबाई खिडकीशी का गेली, पाववाल्यानं सुटे पैसे हातात न देता फळीवर का ठेवले, हे एकेक आठवून ते अंथरुणात अंग आखडून घेत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण ते दूध घालणाऱ्यांना ऐकवत असत. आता ती त्यांना स्वतःच्या तोंडानं म्हणवेना. आपल्या तोंडातली घाण आपण एका बाईच्या बादलीत ओतली, असं त्यांना सारखं वाटे.

त्यांनी आणखी एक पत्र लिहिलं आणि ते जुन्या लॉजवर गेले. मालकीणबाईनं पत्र न उघडताच परत दिलं आणि सांगितलं की सफाईची जागा भरली आहे. मौनीबाईचं विचारल्यावर म्हणाली, या गल्लीत तिला आता कोणी ठेवणार नाही. आधीचं काम का गेलं हे पहिल्यांदा विचारतात, आणि आम्ही लॉजवाल्या एकमेकींना विचारतोच. बस स्टँडच्या संडासावर बसते म्हणे. तिथं काय, कोणीही चालतं.

बस स्टँडचे संडास जमिनीखाली होते. पायऱ्या उतरताना नाकसाहेबांनी सवयीनं श्वास कोंडून धरला. खाली पोचल्यावर तो सोडावाच लागला, आणि मग त्यांनी मुद्दाम लांब श्वास घेतला. साबणाचा वास होता, ओल्या फरशीचा होता. तिसरा नव्हता. त्यांनी पुन्हा घेऊन बघितला. दाराशी स्टुलावर मौनीबाई बसली होती आणि बादली तिच्या पायाशी उपडी होती.

त्यांनी वाटेत पाठ केलेली वाक्यं म्हणून टाकली. वास माझाच होता. दाढ कुजली होती. तुमचा काही दोष नव्हता.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

नाकसाहेबांना वाटलं आपल्याला भाषा कळली नाही. तिनं पुन्हा सावकाश सांगितलं. "पहिल्या आठवड्यापासून. तुमच्या अभ्र्यावर डाग पडायचा, त्याला यायचा वास. म्हणून रोज बदलायचे. तुम्हाला उठल्यावर तो दिसू नये म्हणून."

"मग सांगितलं का नाही? निदान मालकिणीला?"

"पाहुण्याला त्याच्या तोंडावर असं कसं सांगायचं? निघताना दाराशी सांगणार होते. मग वाटलं, तुम्ही म्हणाल काम गेलं म्हणून तोंडाला येईल ते बोलते."

नाकसाहेबांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी खिशातलं पत्र काढून दिलं. तिनं ते दिव्याखाली धरून ओळीवर बोट ठेवत वाचलं. 'काही वैद्यकीय कारणांमुळे निर्माण झालेल्या गैरसमजातून' असं ते सुरू होत होतं, आणि याही वेळी व्याकरणाची चूक नव्हती. तिनं ते परत केलं.

"हे मी कोणाला दाखवू? वास कोणाचा होता ते यात कुठंच नाही."

ती स्टुलावरून उठली, त्यांना बसायला सांगितलं आणि हजेरीच्या वहीतलं एक कोरं पान फाडून दिलं. नाकसाहेबांनी मांडीवर कागद ठेवून लिहिलं: वास माझ्या तोंडाचा होता. खोल्या स्वच्छ होत्या.

"बादलीचंही लिहा. तक्रारीत बादली होती."

बादली स्वच्छ होती, असं त्यांनी लिहिलं आणि सही करायला हात खाली नेला.

"थांबा," ती म्हणाली. "वर ते एकतीस वर्षांचं राहिलं. मालकिणीनं मला तेच दोनदा वाचून दाखवलं होतं."

वरच्या समासात जागा थोडी होती. नाकसाहेबांनी बारीक अक्षरात लिहिलं: मी एकतीस वर्षं वास तपासण्याचं काम केलं आहे. तिनं कागद घेतला, ते वाक्य नीट वाचलं, घडी घालून झग्याच्या खिशात ठेवला आणि बादली सरळ करून नळाखाली धरली.